‘मोबी डिक’ : आदर आणि अढी

हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी डिक’ (१८५१) या कादंबरीविषयी वाचकाच्या मनात आदर आणि अढी एकत्र नांदतात. आरंभीची इश्माएल व क्वीक्वेग यांची मैत्री त्याला चटकन आपलेसे करते. पण नॅन्टकेटहून निघालेले ‘पीक्वॉड’ जहाज खोल समुद्रात पोहोचते आणि ३२व्या प्रकरणात देवमाशांचे वर्गीकरण सुरू होते. पुढे चरबी, कातडी, सांगाडा, दोर यांच्या तपशिलात कथानक वारंवार थबकते.

ही रचनेतील शिथिलता मानावी काय? कप्तान एहॅबच्या लेखी पांढऱ्या देवमाशाला एकच अर्थ आहे : आपला पाय तोडणारे मूर्तिमंत वैर. इश्माएल त्याच प्राण्याला नाना बाजूंनी न्याहाळतो आणि तो पुरता कळत नाही, हेही मान्य करतो. एहॅबच्या एकारलेपणाला उत्तर या रेंगाळणाऱ्या प्रकरणांतच आहे. ती गाळणाऱ्याच्या हाती केवळ सूडकथा उरते. नकळत तो एहॅबच्याच नजरेने पाहू लागतो.

तथापि वाचकाची तक्रार सर्वस्वी निराधार नाही. क्वीक्वेगसाठी घडवलेली शवपेटी उपसंहारात इश्माएलला तारते. परंतु तोवर तो मित्र खलाशांच्या गर्दीत जवळजवळ विरून गेलेला असतो. १८५१च्या लंडन आवृत्तीत तर हा उपसंहारही नव्हता. देवमाशाला मिळालेला अवकाश मेलव्हिल यांनी या मैत्रीला दिला नाही. म्हणूनच कादंबरीच्या थोरवीविषयी शंका नसूनही वाचकाची ही रुखरुख रास्त ठरते.