पदव्युत्तर शोधनिबंधाची मांडणी : नियम, साचा आणि पुराव्याची शिस्त

सारांश : पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्याकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या शोधनिबंधाच्या मांडणीविषयी जे नियम सांगितले जातात, त्यांचा प्रस्तुत लेखात चिकित्सक विचार केला आहे. हे नियम मुळात वाचकाला पुराव्यापर्यंत पोहोचविण्यासाठी निर्माण झाले. ते बाह्य सजावटीचे नियम म्हणून शिकविले गेल्यामुळे शोधनिबंध दिसायला शास्त्रशुद्ध, पण विधानशून्य होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. विवेचनासाठी मराठी साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासातील उदाहरणे घेतली आहेत.

बीजसंज्ञा : शोधनिबंध, मांडणी, संदर्भपद्धती, प्रकरणरचना, चिकित्सक आवृत्ती, वाङ्मयचौर्य.

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील विद्यापीठांनी २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची पुनर्रचना केली. तीत संशोधन पद्धती हा विषय आणि संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी.विषयक नव्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. पूर्वी एम.ए. आणि पीएच.डी. यांच्या दरम्यान एम.फिल.चा लघुप्रबंध हा एक उमेदवारीचा टप्पा होता. विषय मर्यादित करणे, नोंदी घेणे, टिपा देणे, प्रकरणे पाडणे हे सारे विद्यार्थी तेथे चुकतमाकत शिकत असे. आता तो टप्पा उरलेला नाही. एम.ए.च्या शेवटच्या दोन सत्रांत जे शिकविले जाईल, तेवढ्याच शिदोरीवर पुढील संशोधन उभे राहणार आहे.

प्रत्यक्षात या काळात विद्यार्थ्याच्या हाती बहुधा एक सूचनापत्रक पडते. अक्षरांचा आकार, दोन ओळींतील अंतर, डाव्या बाजूचा समास, प्रमाणपत्राचा मसुदा, बांधणीचा रंग आणि प्रतींची संख्या यांचा त्यात काटेकोर उल्लेख असतो. विधान कसे करावे, त्याला आधार कोठून आणावा आणि तो वाचकाला कसा दाखवावा, याविषयी मात्र त्यात फारसे काही नसते. परिणामी ‘मांडणी’ या शब्दाचा अर्थ संकुचित होऊन ती टंकलेखकाची बाब ठरते.

संदर्भपद्धतींमागील ज्ञानशाखीय कारणे

आज सर्वत्र उल्लेखिल्या जाणाऱ्या संदर्भपद्धती एकाच गरजेतून जन्मलेल्या नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीचा उगम १९२९ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवघ्या सात पानांच्या सूचनांत आहे. या पद्धतीत लेखकाच्या नावालगत प्रकाशनवर्ष येते. प्रायोगिक शास्त्रांत निष्कर्ष केव्हाचा आहे, हे वाचकाला प्रथम कळावे लागते. जुना प्रयोग नव्या प्रयोगाने बाद होऊ शकतो. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या हस्तपुस्तिकेची पहिली आवृत्ती १९७७ ची. तिच्या प्रचलित पद्धतीत लेखकनावानंतर पृष्ठांक येतो. साहित्याच्या अभ्यासकाला संहितेतील नेमकी जागा हवी असते. कादंबरी जुनी झाली म्हणून बाद होत नाही. १९०६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या शिकागो पद्धतीतील तळटिपा इतिहासकारांना सोयीच्या वाटतात, कारण दप्तर, रुमाल, पत्र, तारीख असा साधनाचा सारा तपशील आणि त्यावरील भाष्य कंसात मावत नाही.

याच शिकागो विद्यापीठात प्रबंधविषयक कार्यालयीन सचिव असलेल्या केट टुराबियन यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका तयार केली आणि पुढे ती जगभर वापरली गेली. या इतिहासावरून नियमांचे दोन वर्ग स्पष्ट होतात. समास, अंतर, बांधणी हे कार्यालयाच्या व ग्रंथालयाच्या सोयीचे नियम आहेत. त्यांना त्यांच्या जागी महत्त्व आहे. संदर्भ, अवतरण, टीप व प्रकरणक्रम हे पुराव्याचे नियम आहेत. पहिल्या वर्गातील चूक सुधारायला एक दुपार पुरते. दुसऱ्या वर्गातील चूक मात्र संशोधनाच्या विश्वासार्हतेलाच बाधा आणते. विद्यार्थ्याला दोन्ही वर्ग एकाच यादीत, एकाच आवाजात सांगितले जातात आणि गुणदानातही त्यांची गल्लत होते.

मराठी सामग्री आणि आयात नियम

इंग्रजी ग्रंथव्यवहारासाठी घडलेले नियम मराठी सामग्रीला जसेच्या तसे लावले की अडचणी उद्भवतात. लेखकनाम व वर्ष या पद्धतीने ‘ज्ञानेश्वर, २००५’ अशी नोंद केली, तर ती औपचारिक दृष्ट्या बिनचूक, पण वाचकाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. ज्ञानेश्वरीची परंपरेने मानलेली सिद्धी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची आहे. एकनाथांनी केलेले संशोधन शके १५०६ चे, म्हणजे इ. स. १५८४ चे आहे. वि. का. राजवाडे यांनी एका जुन्या पोथीच्या आधारे १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली संहिता प्रचलित पाठाहून वेगळी आहे. तेव्हा अध्याय व ओवी यांचे क्रमांक द्यावेच लागतात आणि ते कोणत्या आवृत्तीतील आहेत हेही सांगावे लागते. तुकारामांच्या गाथेबाबत ही गरज अधिक तीव्र आहे. निरनिराळ्या गाथांत अभंगांचा क्रम व संख्या निराळी असल्याने आवृत्तीविना दिलेला अभंगक्रमांक वाचकाला भलत्याच अभंगाकडे नेतो.

आडनाव आधी लिहावे, हा नियमही असाच तपासून घ्यावा लागतो. नामदेव, जनाबाई, चोखामेळा यांच्या नोंदीत आडनाव शोधणे व्यर्थ आहे. ‘विशाखा’ (१९४२) हा काव्यसंग्रह कुसुमाग्रज या नावाने आणि ‘नटसम्राट’ हे नाटक वि. वा. शिरवाडकर या नावाने प्रसिद्ध आहे. दोहोंवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या सूचीत एकच लेखक ‘क’ आणि ‘श’ अशा दोन जागी येतो. येथे परस्परनिर्देश देणे हाच विवेकी मार्ग होय. अकारविल्हे रचनेतही प्रश्न आहेत. मराठी वर्णमालेत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ परंपरेने शेवटी येतात. संगणकावर केवळ वर्णसंकेतांच्या क्रमाने सूची लावली, तर श्री. के. क्षीरसागर हे ‘क’च्या ओळीत जाऊन बसतात. ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत द्यावे, हा नियम रोमन मुद्रणपरंपरेतील आहे. देवनागरीत एकेरी अवतरणचिन्ह किंवा ठळक अक्षर तेच काम करते.

या उदाहरणांवरून नियम सोडून द्यावेत, असा निष्कर्ष निघत नाही. नियमाचा हेतू कळला, तर विद्यार्थी तो सामग्रीनुसार सुसंगतपणे योजू शकतो. हेतू न कळता पाठ केलेला नियम पहिल्याच अनपेक्षित नोंदीशी अडखळतो.

प्रकरणरचना : साचा आणि प्रश्न

मांडणीचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग प्रकरणरचनेचा. मराठी विभागांतील लघुप्रबंधांचा एक पंचप्रकरणी साचा बहुतेक अध्यापकांच्या परिचयाचा आहे : संशोधनाचा आराखडा, लेखकाचे जीवन व वाङ्मय, वाङ्मयप्रकाराची संकल्पना व स्वरूप, निवडलेल्या कलाकृतीचा अभ्यास, निष्कर्ष. या क्रमात ज्या कलाकृतीसाठी निबंध लिहिला, ती चौथ्या प्रकरणात अवतरते. तत्पूर्वी लेखकाचे जन्मगाव, शिक्षण, पुरस्कार आणि कादंबरीच्या पाचसात व्याख्या यांनी निम्मी पृष्ठे भरलेली असतात. या व्याख्यांचा पुढील विश्लेषणात क्वचितच उपयोग केला जातो. त्या आहेत म्हणून निबंध शास्त्रीय वाटतो, एवढेच त्यांचे प्रयोजन.

साच्याचे समर्थन करताना असे म्हटले जाते की, नवख्या विद्यार्थ्याला आधार हवा असतो. या म्हणण्यात तथ्य आहे. पहिल्यांदाच साठ-सत्तर पाने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला कोरा कागद भीतिदायक वाटतो; त्यातून पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला तर घरी विचारावे असे कोणी नसते. साचा त्याला सुरुवात करून देतो. परंतु तो साचा प्रश्नाची जागा घेऊ लागला, की आधाराचा अडसर होतो. ‘गृहीतके’ या शीर्षकाखाली येणारी विधाने पाहिली म्हणजे हे पटते. ‘अमुक यांच्या कादंबऱ्यांत ग्रामीण जीवनाचे चित्रण आढळते’ असे गृहीतक मांडले जाते आणि अखेरीस ते सिद्ध झाल्याचे नोंदविले जाते. जे विधान कोणी नाकारणारच नाही, ते सिद्ध करण्यासाठी शोधनिबंधाची आवश्यकता नसते. गृहीतक हा सामाजिक व नैसर्गिक शास्त्रांतील परीक्षणीय अंदाज आहे. साहित्याच्या निबंधात त्याऐवजी ‘दुष्काळाच्या प्रसंगी या कादंबरीतील निवेदक कोणाच्या बाजूने बोलतो?’ असा एखादा खरा प्रश्न ठेवला, तर प्रकरणे त्या प्रश्नातूनच फुटतात. लेखकचरित्रातील किती भाग आवश्यक, कोणती व्याख्या कामाची, हे प्रश्नच ठरवितो.

चिकित्सक आवृत्तीचा आदर्श

मांडणी आणि विचार यांचे नाते किती घट्ट असू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या विद्यापरंपरेतच उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. वि. स. सुकथनकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या (१९३३) पानाची रचना मननीय आहे. वर संपादकाने निश्चित केलेली संहिता, खाली निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद आणि परिशिष्टांत वगळलेले दीर्घ उतारे अशी ती रचना आहे. ज्या पाठाविषयी संपादकाला पूर्ण खात्री नाही, त्याखाली नागमोडी रेघ दिलेली आहे.

या एका रेघेत संशोधनाची नीती सामावली आहे. काय निश्चित आहे, काय संभाव्य आहे आणि काय त्याज्य ठरविले आहे, हे वाचकाला पानावरच दिसते. संपादकाचा निर्णय अमान्य असलेल्या अभ्यासकाला त्याच पानावरील सामग्रीतून वेगळा निर्णय करता येतो. येथे मांडणीनेच वाचकाला मतभेदाचा अधिकार दिला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून एवढ्या व्याप्तीची अपेक्षा अर्थातच नाही. पण आपले विधान, दुसऱ्याचे विधान आणि आपला संशय यांतील सीमारेषा पानावर दाखविणे त्याला निश्चितच साध्य होण्यासारखे आहे.

साम्याची टक्केवारी आणि संदर्भाची सत्यता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना सोडले आणि त्यापुढे चाळीस, साठ व साठाहून अधिक अशा पायऱ्या ठरविल्या. त्यामुळे मांडणीच्या चर्चेत आणखी एक अंक शिरला. ‘दहाच्या आत आणा’ हा सल्ला विद्यार्थ्याला मिळतो आणि तो समानार्थी शब्द शोधू लागतो. उसनी कल्पना शब्द बदलून संदर्भाविना लिहिली, तर टक्केवारी घटते, पण चौर्य कायम राहते. याच विनियमांतील व्याख्येने स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे, ही बाब अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. या लेखनाची पारख यंत्रावर सोपविलेली नाही. ती वर्गातील शिक्षकाकडेच राहिली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हा प्रश्न अधिक गहन केला आहे. ही साधने कोणत्याही पद्धतीनुसार निर्दोष दिसणारी संदर्भसूची क्षणात तयार करतात. पण तीत अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांच्या नोंदीही असू शकतात. स्वल्पविराम जागच्या जागी, वर्ष कंसात आणि ग्रंथ मात्र कोठेच नाही! बाह्य रूपालाच मांडणी मानणारा परीक्षक अशा सूचीला पूर्ण गुण देईल. सूचीतील दोन नोंदी ग्रंथालयात जाऊन पडताळणारा परीक्षक तिचे खरे स्वरूप ओळखेल.

निष्कर्ष

१. मांडणीच्या नियमांचे कार्यालयीन सोयीचे आणि पुराव्याचे असे दोन वर्ग करून ते विद्यार्थ्याला वेगवेगळे सांगावेत. गुणदानात दुसऱ्या वर्गाला स्पष्ट प्राधान्य असावे.

२. संदर्भपद्धती ज्ञानशाखेच्या गरजेनुसार निवडावी. मराठी सामग्रीसाठी आवृत्ती, अध्याय-ओवी वा अभंगक्रमांक, टोपणनाव, शके व इसवी सन यांविषयीचे संकेत विभागाने लेखी ठरवून संपूर्ण निबंधात ते एकसारखे पाळून घ्यावेत.

३. प्रकरणांची नावे ठरविण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा. त्या प्रश्नाशी संबंध न सांगता येणारे प्रकरण गाळावे.

४. मौखिक परीक्षेत सूचीतील निवडक नोंदींचे मूळ ग्रंथ वा त्यांच्या प्रती समोर ठेवून अवतरणे पडताळावीत.

शोधनिबंध हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातील असा पहिला प्रसंग असतो, की जेथे त्याचे म्हणणे कोणी अनोळखी वाचक तपासून पाहणार असतो. परीक्षेतील उत्तरपत्रिकेत त्याने इतरांची मते आठवून लिहिलेली असतात. येथे त्याला स्वतःच्या मताची जबाबदारी घ्यावयाची असते. ही जबाबदारी पेलण्याची रीत म्हणजे मांडणी होय. एम.फिल.चा टप्पा नाहीसा झाल्यानंतर ती रीत शिकविण्याचे काम एम.ए.च्या वर्गाकडे आले आहे, आणि ते केवळ सूचनापत्रकावर सोपविता येणार नाही.