बंद वाटेचा अभाव कोणता?

न्यायदर्शनातल्या अभावाच्या काथ्याकुटाचा आज काय उपयोग, असं आम्हाला हमखास विचारलं जातं. आज उत्तरादाखल आम्ही एक नकाशा समोर ठेवतोय.

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. खातं उघडलं की कुणालाही त्यात भर घालता येते, खोडताही येतं. डोंगरात रेंज नसताना ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स उघडून वाट शोधणारी मंडळी तुमच्यात असतील. त्या अ‍ॅपांचा कच्चा माल इथलाच. आता पावसाळा येतो. धबधबे, गड, घाटवाटा यांवर जिल्हाधिकारी बंदीचा आदेश काढतात. पूर्वी तो कलम १४४ खाली निघे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. वाट जागच्या जागी आहे, जायला मात्र मनाई. हे नकाशात लिहायचं कसं?

एखादा उत्साही माणूस वाट पुसूनच टाकतो. हेतू चांगला, की कुणी चुकून जाऊ नये. पण विधान खोटं आहे. वाट नाही असं तो म्हणतोय, आणि वाट तर आहे. शिवाय थोड्या दिवसांनी दुसरा कुणी उपग्रहाचं चित्र पाहून तीच रेघ पुन्हा ओढणार, आणि या वेळी तिच्यावर बंदीचा मागमूसही नसणार. त्याहून गंभीर म्हणजे, ऐन पावसात वर कुणी अडकलं तर शोधायला निघालेल्यांच्या हातातही हाच नकाशा असू शकतो. त्यांना ती वाट हवी असते हो!

दुसरा माणूस रेघ ठेवतो आणि तिला 'अ‍ॅक्सेस: नो' अशी खूण जोडतो. हा शहाणा वाटतो. पण आमचा खरा आक्षेप याच्यावर आहे. त्या खुणेत काळच नाही. बंद म्हणजे कधीपासून, कधीपर्यंत, कुणासाठी? जिल्हाधिकाऱ्यांचा तो आदेश कायद्यानंच दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. राज्य सरकारनं वाढवला तरी आणखी सहा महिने. खूण मात्र कुणी येऊन काढेपर्यंत तशीच. आणि काढायला येतो कोण? मांडव घालताना अख्खी आळी हजर, उतरवताना एकटा मांडववाला, त्यातला प्रकार. शिवाय 'नो' म्हणजे सगळ्यांनाच नाही. आदेशाचा रोख बहुधा पर्यटकांवर असतो. त्याच वाटेनं वरच्या वाडीतला माणूस दूध घालायला खाली उतरतो. त्याची वाट नकाशानं परस्पर काढून घेतली, त्याला न विचारता.

इथं नैयायिक कामाला येतात. अभाव चार. घडा घडण्याआधीचा प्रागभाव, फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, वाऱ्याला रूप कधीच नसतं तो अत्यंताभाव, आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे हा अन्योन्याभाव. पण जमिनीवरचा घडा उचलून नेला आणि संध्याकाळी परत आणून ठेवला, तर मधल्या वेळचा अभाव कोणता? विश्वनाथांच्या सिद्धान्तमुक्तावलीत काहींचं मत नोंदवलंय, की उपजणारा आणि नाश पावणारा असा हा निराळाच अभाव मानावा. सामयिकाभाव म्हणतात त्याला. त्यावर वाद आहे, तो आज बाजूला ठेवू. आपल्या पहिल्या माणसानं प्रध्वंसाभाव लिहिला, दुसऱ्यानं अत्यंताभाव. लिहायचा होता सामयिकाभाव.

यावर नकाशाकार म्हणतात, आमचा संकेतच आहे की तात्पुरत्या गोष्टी नोंदवू नयेत. या संकेताला कारण आहे. लोक नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवतात. जुलैत उतरवलेली प्रत नोव्हेंबरातही वापरतात, आणि तेव्हा उघडी वाट बंद दिसते. पण 'तात्पुरतं' म्हणजे किती? अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात ईगल क्रीकची वाट सप्टेंबर २०१७ च्या वणव्यानंतर बंद झाली, ती २०२१ च्या सुरुवातीला उघडली. तीन वर्षांहून अधिक! बंदी किती टिकणार हे ती लागते त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं, आणि संकेत मात्र ते ठाऊक आहे असं धरून चालतो.

सोय नाही असं नाही. त्याच नकाशात सशर्त खूण आहे: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बंद. मुदत सरली की ती आपोआप निष्प्रभ होते, कुणी मांडव उतरवायला नको. सगळी अ‍ॅप्स ती वाचत नाहीत हे खरं, पण तो दोष अ‍ॅपांचा. आमची तक्रार लिहिणाऱ्यांबद्दल आहे. 'जून ते सप्टेंबर' इतकंच लिहिलं आणि वर्ष गाळलं, तर त्याचा अर्थ होतो दरवर्षी. आदेश तर दर पावसाळ्यात नव्यानं काढावा लागतो. पुढच्या वर्षी तो निघेल की नाही, निघाला तर हीच वाट त्यात असेल की नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांनाही आज सांगता येणार नाही. मग नकाशानं भविष्य का सांगावं?

तेव्हा नकाशे काढणाऱ्या तरुण मित्रांकडे आमचं मागणं लहानसं आहे. तारखेसोबत वर्ष लिहा. स्रोताच्या रकान्यात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक घाला. आणि आदेश हाती नसेल, नुसता पायथ्याचा फलक पाहिला असेल, तर वाटेला हात न लावता तिथं टीप टाका. टीपेवर तारीख आपसूक पडते, आणि पुढच्या रविवारी तिथं गेलेला दुसरा कुणी खालीच उत्तर लिहू शकतो, की फलक काढलाय, वाट उघडी आहे.