बहुस्तरीय बहुवारिक तनुपटलांतील प्रभारक्षय : एका गृहीतकाची चिकित्सा

विद्युतरोधक पदार्थात प्रभार दीर्घकाळ साठवून ठेवता येतो, हे मोतोतारो एगुची यांनी १९२५ च्या शोधनिबंधात मांडले. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील सेस्लर व वेस्ट यांनी बहुवारिक पटलाचा इलेक्ट्रेट ध्वनिग्राहक सिद्ध केल्यावर या विषयास व्यावहारिक अधिष्ठान लाभले. तथापि अनेक थरांच्या तनुपटलांचा विचार करताना एक गृहीतक सहज स्वीकारले जाते : पृष्ठविभव घटला म्हणजे तेवढा प्रभार नष्ट झाला.

हे गृहीतक सदोष आहे. पृष्ठविभव प्रभाराच्या परिमाणाइतकाच भूसंपर्कित इलेक्ट्रोडपासूनच्या त्याच्या अंतरावरही अवलंबून असतो. पृष्ठभागावरील प्रभार आत सरकून दोन थरांच्या सीमेवर अडकला, तर एकूण प्रभार कायम राहूनही विभव उतरतो. दोन थरांतील परावैद्युतांक व संवाहकता यांचे गुणोत्तर भिन्न असल्यास प्रवाह वाहताना सीमेवर प्रभार साचतो, हाच मॅक्सवेल-वाग्नर परिणामाचा आशय होय. एकाच थराच्या पॉलिथिलीनमध्येसुद्धा गुंतागुंत कमी नाही. अधिक आरंभविभवाचा नमुना वेगाने क्षय पावतो आणि दोन्ही वक्र परस्परांना छेदतात, असे इएदा व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखविले. समान कालांकाच्या साध्या घातांकी सूत्रातून असा छेद संभवत नाही.

ऊष्माउद्दीपित विसर्जनाच्या आलेखाबाबतही हीच सावधगिरी हवी. शिखराचे तापमान तापनाच्या दरानुसार बदलते. शिवाय ते शिखर द्विध्रुवांच्या शिथिलनाचे, सापळ्यांतून सुटलेल्या प्रभाराचे की सीमेवरील साठ्याचे, हे केवळ आलेखावरून ठरत नाही.

हा वाद निव्वळ शास्त्रीय नाही. २०२० च्या महामारीत वापरलेल्या अनेक मुखपट्ट्यांची गाळणक्षमता पॉलिप्रॉपिलीन तंतूंवरील प्रभारावर अवलंबून होती. मद्यार्काने धुतल्यास ती घटते, तंतू मात्र शाबूत दिसतात. साठा कोठे आहे व कशाने नष्ट होतो, हे न जाणता टिकाऊपणाचे भाकीत करणे धोक्याचे ठरते.

निष्कर्ष असा की, थरांचा क्रम उलटवून व जाडी बदलून घेतलेली मापने, आर्द्रता व तापनदर यांची नोंद आणि ध्वनिस्पंद वा ऊष्मास्पंद पद्धतीने केलेले प्रभारवितरणाचे मापन यांच्या जोडीनेच क्षयवक्राचा अर्थ लावला जावा. अन्यथा स्थलांतरालाच ऱ्हास समजण्याची चूक अटळ आहे.