किंबॉल व इनमन : डेटा मॉडेलच्या वादाची फेरतपासणी

व्यवसायातील निर्णयांसाठी साठविलेल्या माहितीची मांडणी कशी करावी, या विषयावरील बहुतेक लेखन दोन ग्रंथांभोवती फिरत आले आहे. विल्यम इनमन यांचा ‘बिल्डिंग द डेटा वेअरहाऊस’ हा १९९२ मधील, आणि राल्फ किंबॉल यांचा ‘द डेटा वेअरहाऊस टूलकिट’ हा १९९६ मधील. या दोघांच्या अनुयायांत जो वाद चालत आला, तो सामान्यतः आकृतीचा वाद म्हणून सांगितला जातो : एका पक्षाला शेकडो लहान टेबलांची काटेकोर विभागणी हवी, तर दुसऱ्याला मध्यभागी एक मोठे टेबल आणि त्याच्याभोवती काही वर्णनपर टेबले अशी ताऱ्यासारखी रचना हवी. वादाचे हे वर्णन चुकीचे नाही. तथापि त्यामुळे मॉडेल निवडणाऱ्याचे लक्ष भलत्याच ठिकाणी वेधले जाते.

इनमन ज्या परंपरेतून आले, तिचा आरंभ एडगर कॉड यांच्या १९७० मधील निबंधापासून धरावा लागतो. आयबीएममध्ये काम करणाऱ्या कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध टेबलांत मांडण्याचा सिद्धांत दिला. त्यातून पुढे नॉर्मल फॉर्मची शिस्त आली. एकच गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, म्हणजे ती बदलताना विसंगती उरणार नाही, असा तिचा आशय आहे. नोंदी करणाऱ्या यंत्रणेला ही शिस्त अत्यंत उपकारक ठरली. परंतु प्रश्न विचारणाऱ्याची गरज निराळी असते. त्याला एक पावती बदलावयाची नसते, तर लाखो पावत्यांची बेरीज जिल्हावार, महिनावार, मालवार पाहावयाची असते. बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये या दुसऱ्या गरजेसाठी स्वतंत्र साठ्याचा आराखडा मांडला. इनमन यांनी त्या साठ्याला चार लक्षणे लावली : तो विषयानुसारी असावा, एकात्म असावा, एकदा लिहिलेले न पुसणारा असावा आणि कालसापेक्ष असावा. या चारांपैकी तिसरे लक्षण वाचकांनी जितके गंभीरपणे घ्यावयास हवे होते तितके घेतले नाही. त्याचा विचार पुढे येईल.

किंबॉल यांच्या ग्रंथातून बहुतेकांनी उचलला तो तारा. वस्तुतः ग्रंथाचे खरे सामर्थ्य ताऱ्यात नाही. किंबॉल रचनेच्या चार पायऱ्या सांगतात : व्यवसायातील एक व्यवहार निवडणे, त्याचा ‘ग्रेन’ जाहीर करणे, मग डायमेन्शन ठरविणे आणि शेवटी मोजावयाच्या राशी ठरविणे. ग्रेन म्हणजे मध्यवर्ती टेबलातील एक ओळ नेमकी कशाची, याचे एका वाक्यातील उत्तर. ओळ एका पावतीची, की पावतीवरील एका जिनसाची, की दुकानातील दिवसभराच्या एकूण विक्रीची? हे वाक्य लिहिल्याविना जो तारा काढला जातो, तो दिसावयास सुबक आणि वापरावयास घातक असतो.

उदाहरणार्थ, एका मागणीत तीन जिन्नस आहेत आणि संपूर्ण मागणीवर ९० रुपये वाहतूकखर्च लागला आहे, असे समजावे. जिनसांच्या ओळींना मागणीचे टेबल जोडले की तीन ओळी मिळतात आणि प्रत्येकीपुढे ९० हा आकडा येतो. बेरीज २७० होते. संगणकाने कोणतीही चूक केलेली नसते. प्रश्नही व्याकरणशुद्ध असतो. आणि तरीही वाहतुकीवरचा खर्च तिप्पट दाखविणारा अहवाल संचालकांपुढे जातो. किंबॉल यांचा उपाय असा की वरच्या पातळीवरील खर्च खालच्या ओळींवर वाटून द्यावा. तो योग्यच आहे. मात्र प्रत्येक ओळीवर ३० रुपये टाकावयाचे, की वजनाप्रमाणे, की किमतीप्रमाणे, हा प्रश्न मॉडेलकाराचा नसून हिशेबनिसाचा आहे. कोणता माल नफ्यात आणि कोणता तोट्यात, हे या वाटणीवर ठरते. म्हणजे टेबलाची रचना करता करता एक व्यापारी निर्णय नकळत घेतला जातो. ज्या संस्थांत हे काम केवळ तंत्रज्ञांवर सोपविले जाते, तेथे तो कोणी घेतला याचा मागही उरत नाही.

अलीकडे एक तिसरा पक्ष पुढे आला आहे. माहिती ओळींऐवजी स्तंभांनुसार साठविणारी यंत्रे आल्यापासून टेबले जोडण्याची वा पुनरुक्तीची पूर्वीसारखी धास्ती राहिली नाही; तेव्हा सर्व काही एकाच रुंद टेबलात ठेवावे, असे त्याचे म्हणणे. वेगाच्या दृष्टीने यात तथ्य आहे, आणि ताऱ्याच्या समर्थनातील वेगाचा मुद्दा त्यामुळे बराच लंगडा झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण विक्रीच्या रुंद टेबलात जे विकले गेले तेवढेच असते. सवलतीत ठेवलेल्या मालापैकी कोणता माल मुळीच खपला नाही, हे त्यात शोधू गेल्यास हाती शून्यही लागत नाही, कारण न झालेल्या विक्रीला ओळच नसते. किंबॉल यांनी किराणा दुकानाच्या आपल्या गाजलेल्या उदाहरणात नेमकी ही अडचण दाखविली आहे, आणि कोणता माल कोणत्या दिवशी सवलतीत होता एवढेच नोंदविणारे, राशीविरहित टेबल सुचविले आहे. त्यांच्या सूक्ष्म दृष्टीची साक्ष येथे पटते.

जेथे किंबॉल यांची बाजू दुबळी पडते ते स्थळ इतिहासाचे. १९९६ च्या ग्रंथात बदलत्या वर्णनांसाठी तीन रीती आहेत : जुने मूल्य पुसून नवे लिहिणे, नवी ओळ घालणे, किंवा जुन्यासाठी वेगळा स्तंभ ठेवणे. यांतील कोणती रीत कोणत्या स्तंभास लावावयाची, हे रचना करतानाच ठरवावे लागते. महाराष्ट्रातील एक घटना येथे पारखीला लावता येईल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि वसई तालुका त्यात गेला. वसईतील एका दुकानाचा जिल्हा पहिल्या रीतीने बदलला, तर २०१३ ची विक्री, तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या पालघर जिल्ह्याच्या नावावर दिसू लागते. दुसऱ्या रीतीने बदलला, तर २०१३ ची विक्री ठाण्यातच राहते, आणि २०१५ मध्ये ठाण्याची विक्री घसरल्याचे दिसते. एकही गिऱ्हाईक तुटलेले नसताना. तिसऱ्या रीतीने दोन्ही उत्तरे मिळतात, पण एका बदलापुरतीच. पुढच्या विभाजनाला आणखी एक स्तंभ लागतो.

आणि ज्याने पहिली रीत निवडली, त्याला परतीची वाट नाही. मूळ विक्रीयंत्रणेनेही जुना जिल्हा पुसला असेल तर तो कोठूनही परत मिळत नाही. इनमन यांचे तिसरे लक्षण येथे उपयोगी पडते. आधी सर्व बदल जसेच्या तसे, न पुसता, एका साठ्यात ठेवावे, आणि त्यातून गरजेनुसार लहान साठे काढावे, ही त्यांची योजना. तिच्यावर घेतला जाणारा आक्षेपही खोटा नाही : संपूर्ण संस्थेचे मॉडेल पुरे होईपर्यंत पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबते, आणि तोपर्यंत विचारणारा आपले स्वतःचे कोष्टक करून मोकळा होतो. डॅन लिनस्टेट यांचे ‘डेटा व्हॉल्ट’ हे पुढचे मॉडेल न पुसण्याचे हे व्रत अधिक कडकपणे पाळते. मात्र त्यातील टेबलांची संख्या पाहता, ते सामान्य वाचकापुढे उघडे ठेवण्याजोगे नाही, त्यावर ताऱ्यांचा थर चढवावाच लागतो.

मार्गी रॉस यांच्यासह काढलेल्या २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत किंबॉल यांनी रीतींची संख्या वाढवून शून्यापासून सातपर्यंत नेली. सातव्या रीतीत मध्यवर्ती टेबलाच्या प्रत्येक ओळीत दोन किल्ल्या असतात : एक त्या वेळच्या वर्णनाकडे नेणारी, दुसरी आजच्या. वसईच्या दुकानाची २०१३ मधील विक्री मग ठाण्यातही पाहता येते आणि पालघरमध्येही. पहिल्या आवृत्तीपेक्षा ही भूमिका निश्चितच प्रौढ आहे, आणि तिच्यात इनमन यांच्या आग्रहाला मूकपणे दिलेली मान्यताही दिसते. मात्र एकाच दुकानाला दोन जिल्हे मिळाल्यावर अहवालाच्या माथ्यावर ‘जिल्हा’ एवढेच लिहून चालत नाही; ‘विक्रीवेळचा जिल्हा’ की ‘सध्याचा जिल्हा’, हे लिहावे लागते. ते न लिहिलेला अहवाल ठाण्याच्या विक्री-अधिकाऱ्यापुढे आला, तर न झालेल्या घसरणीचा खुलासा त्यालाच करावा लागेल.