पक्षिभ्रूणातील लिंगभेद आणि जनुक-अभिव्यक्ती : एक चिकित्सा

कुक्कुटपालनासाठी ओळखल्या जाणाऱ्या नाशिक जिल्ह्यातही प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोंबडीचा भ्रूण प्रथम भेटतो तो प्रयोगशाळेतील २४, ३३, ४८ व ७२ तासांच्या काचपट्ट्यांवर. हा भ्रूण नर की मादी, असे सहसा विचारले जात नाही; कारण उबवणीच्या साधारण सहाव्या दिवसापर्यंत जननग्रंथी दोन्ही लिंगांत सारखीच दिसते. आधी जननग्रंथी ठरते, मग तिची संप्रेरके उर्वरित शरीराला लिंग देतात, ही सस्तन प्राण्यांवरून आलेली मांडणी येथे गृहीत धरलेली असते. तिची चिकित्सा आवश्यक आहे.

पक्ष्यांत नराची लिंगगुणसूत्रे झेडझेड, तर मादीची झेडडब्ल्यू असतात. सस्तन मादीत एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते. नर पक्ष्यात झेडच्या बाबतीत तसे होत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार झेडवरील अनेक जनुकांची अभिव्यक्ती नरात अधिक असते. हा फरक सरासरीने दुपटीहून कमी असला, तरी जननग्रंथीबाहेरील ऊतींतही आढळतो. २०१० मध्ये एडिंबर्गच्या रॉस्लिन संस्थेतील संशोधकांनी एका बाजूने नर व दुसऱ्या बाजूने मादी दिसणाऱ्या कोंबड्या अभ्यासल्या. दोन्ही बाजूंना एकाच रक्तातील संप्रेरके मिळूनही हा भेद टिकून होता. जननग्रंथी घडण्यापूर्वीच काही जनुकांची अभिव्यक्ती लिंगानुसार वेगळी असते, असेही त्यांनी दाखविले. २०२१ मध्ये डीएमआरटी१ या जनुकाची एक प्रत निकामी केलेल्या झेडझेड पक्ष्यांत अंडाशय तयार झाले; देहाचे आकारमान, तुरा आदी लक्षणे मात्र नराचीच राहिली.

तथापि, यावरून संप्रेरकांना गौण ठरविणे घाईचे होईल. १९९२ च्या एका प्रयोगात इस्ट्रोजेनची निर्मिती रोखताच जनुकीय माद्यांत वृषणे विकसित झाली होती. शिवाय संपूर्ण ऊतीतील आरएनए मोजताना अनेक प्रकारच्या पेशी एकत्र मिसळतात. अंडाशय व वृषण यांच्यातील फरक काही अंशी पेशींच्या भिन्न प्रमाणाचा असू शकतो. आरएनएचे प्रमाण म्हणजे प्रथिनाचे प्रमाण नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

सारांश, एका एककारणी सिद्धान्ताच्या जागी दुसरा बसविणे उचित नाही. पेशीची जनुकीय ओळख व संप्रेरके यांचा वाटा प्रत्येक ऊतीत निराळा असतो. ७२ तासांच्या काचपट्टीवरील भ्रूण दिसण्यात लिंगभेदरहित असला, तरी त्याच्या पेशी तशा नसतात. अध्यापनात एवढा भेद स्पष्ट झाला, तरी निरीक्षण आणि गृहीतक यांतील अंतर विद्यार्थ्याच्या लक्षात येईल.