उमरठची कथा आणि हिंदी पडदा

मोठ्या शेजारी राष्ट्राच्या लोकरंजनाचा लहान राष्ट्रावर होणारा परिणाम हा विषय बहुधा कॅनडा किंवा नेपाळ यांच्या निमित्ताने चर्चिला जातो. आपल्या देशात हाच संबंध हिंदी आणि इतर भाषा यांच्यामध्ये आढळतो, व तो एखाद्या तालुक्यापुरताही तपासता येतो. रायगड जिल्ह्यातील पोलादपूर तालुक्यात कापडे हे गाव आहे. त्याच तालुक्यात उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. या मुलखाची ही घरची कथा २०२० साली ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटातून देशभर गेली आणि मराठी ध्वनिमुद्रणाचा पेहराव चढवून परत घरी आली. परतताना तिच्यात काय बदल झाला, हे पाहावयाचे आहे.

शाहीर तुळशीदासाचा पोवाडा हा इतिहास नव्हे, हे प्रथमच मान्य करावे. सभासद तानाजीबरोबर पाचशे माणूस देतो. शाहिराचा आकडा बारा हजारांवर जातो. सभासदाचे मावळे वानरासारखे कडा चढतात. शाहिराला घोरपड लागते. प्रतापगडावर केस विंचरीत असलेल्या जिजाबाईंची दृष्टी कोंढाण्यावर जाते आणि सोंगट्यांच्या डावात त्या पुत्राकडून तो गड मागून घेतात, ही कल्पना तर निव्वळ शाहिरी आहे. चित्रपटाने इतिहासाची मोडतोड केली असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे विसरू नये. भेद आहे तो वेगळ्याच ठिकाणी. प्रतापगड कोठे आहे, रायबाच्या लग्नात मोहिमेचे बोलावणे यावे म्हणजे घरावर काय ओढवते, हे शाहीर समजावीत बसत नाही. श्रोता त्याच मुलखातला, त्याच रीतीभातीतला आहे हे तो धरून चालतो, आणि त्याच्या वेगाचे रहस्यही त्यातच आहे.

पडद्याने हा श्रोता लगेच गमावला असे नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ (१९२३) मूकपट होता व हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या आधारे उभा होता. प्रभातचा, शांतारामांनी दिग्दर्शित केलेला ‘सिंहगड’ १९३३ साली मराठीत बोलला. याच प्रभातने आदल्या वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला होता, हेही येथे ध्यानात घ्यावे. मोठ्या बाजारपेठेची ओढ आजची नाही.

‘तान्हाजी’चे दिग्दर्शक ओम राऊत यांनी २०१५ साली लोकमान्य टिळकांवरील चित्रपट मराठीत केला होता. तेव्हा परक्याने येऊन आपली कथा नेली, ही तक्रार टिकत नाही. शेजारी आपल्याच घरात राहतो. हिंदी चित्रपटाची राजधानी मुंबईच आहे. परंतु हिंदीचा प्रेक्षक म्हणजे ज्याला कोंढाणा ठाऊक नाही असा प्रेक्षक. त्याच्यासाठी निवेदक हवा, पुरंदरच्या तहाचा खुलासा हवा, गडाचे मोल डोळ्यांना दिसावे म्हणून ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ हवी. पोवाड्यात गडाची किंमत आईच्या मागणीत आहे. चित्रपटातही जिजाबाईंचे अनवाणी राहण्याचे व्रत आहे. ते पुरेसे वाटले नाही, म्हणून तोफ आली. अनोळखी माणसाला संकट मोजून दाखवावे लागते.

मराठी आवृत्तीने पात्रांचे शब्द बदलले, पण ज्याला उद्देशून बोलावयाचे तो माणूस बदलला नाही. म्हणून पोलादपूरच्या प्रेक्षकाला त्याच्याच शिवेवरची गोष्ट पाहुण्यासारखी ऐकावी लागते. माझ्या मते प्रभावाचे खरे गमक येथे आहे. उसनी चाल किंवा उसना पोशाख या मानाने किरकोळ बाबी होत. चित्रपटामुळे तानाजींचे नाव महाराष्ट्राबाहेर ज्या वेगाने पोहोचले तो वेग पोवाड्याला साधला नसता, हे नाकारण्यात अर्थ नाही. लाभ झाला आहे. तो दूरच्यांना अधिक झाला, इतकेच.

२०२३ साली दिग्पाल लांजेकर यांनी ‘सुभेदार’ हा याच कथेवरचा चित्रपट मराठीत केला. त्याची तुलना अपरिहार्यपणे हिंदी चित्रपटाच्या भव्यतेशी होते. तुळशीदासाशी ती सहसा कोणी करीत नाही. घरच्या कथेचे मापही आता शेजाऱ्याकडून येते.

कापडे-उमरठ भागात आज ही कथा मुलांना सांगताना कोणी त्या तोफेचा उल्लेख करतो काय, आणि घोरपड अजून कडा चढते काय, हे विभागाच्या विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन, सांगणाऱ्याच्या शब्दांत टिपून आणण्याजोगे आहे.