नटाचे सोंग आणि शब्दाचा धनी : ड्रेकच्या रॅपगायनाचा दशावताराच्या निकषावर विचार

दूरचित्रवाणीवरील नट रॅपगायनाकडे वळला की त्याच्याविषयी एक आक्षेप हमखास घेतला जातो. हा दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये बोलणारा माणूस. रॅपमध्ये तर स्वतःचे जगणे स्वतःच्या शब्दांत मांडावयाचे असते. तेव्हा याचे रॅप म्हणजे आणखी एक भूमिका. या आक्षेपाचे सर्वांत ठळक लक्ष्य म्हणजे कॅनडाचा ऑब्री ग्रॅहम ऊर्फ ड्रेक. आक्षेपात तथ्य किती आणि गैरसमज किती, हे तपासण्यासाठी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एका जुन्या नाट्यप्रकाराचा निकष अधिक उपयोगी पडतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ड्रेकचा जन्म १९८६ साली टोरांटो येथे झाला. वडील मेम्फिसचे कृष्णवर्णीय ढोलवादक, आई ज्यू. २००१ साली सुरू झालेल्या ‘डिग्रासी : द नेक्स्ट जनरेशन’ या शालेय जीवनावरील मालिकेत त्याने जिमी ब्रुक्स हा बास्केटबॉलपटू विद्यार्थी रंगविला. शाळेतील गोळीबारात जिमी जखमी होतो आणि चाकांच्या खुर्चीला खिळतो. मालिकेत काम चालू असतानाच २००६ आणि २००७ मध्ये ड्रेकचे पहिले दोन गीतसंग्रह आले. पण नाव झाले ते फेब्रुवारी २००९ मध्ये विनामूल्य प्रसिद्ध केलेल्या ‘सो फार गॉन’मुळे. ‘टेक केअर’ (२०११) या अल्बमला २०१३ साली सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच्या या ध्वनिविश्वाचा प्रमुख शिल्पकार नोआ शेबिब हाही एके काळचा बालनट, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

या प्रवासाकडे संशयाने पाहणाऱ्यांची बाजू सरळ फेटाळता येत नाही. रॅप न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७०च्या दशकात रुजले, ते ज्यांना अन्य कोणी बोलू देत नव्हते त्यांच्या तोंडून. कृष्णवर्णीयांचे संगीत इतरांनी उचलावे आणि पैसा इतरांनीच करावा, हा अमेरिकेतील जुना अनुभव आहे. त्यामुळे ‘तू कोण, कुठला?’ हा प्रश्न तेथे उर्मटपणाचा नसून राखणदाराचा ठरतो. दलित आत्मकथनांच्या चर्चेत अनुभवाच्या अस्सलतेचा आग्रह का धरला गेला, हे जाणणाऱ्या मराठी अभ्यासकाला तो समजणे अवघड नाही. ड्रेकने २०१३ साली आपण तळातून वर आल्याचे गाणे गायिले तेव्हा त्याच्या किशोरवयातील फॉरेस्ट हिल या सुखवस्तू वस्तीची आठवण टीकाकारांनी करून दिली, ती याच भूमिकेतून.

तथापि हा आग्रह सर्वांबाबत सारखा धरला जात नाही. टुपॅक शकूर बाल्टिमोरच्या कलाविद्यालयात नाट्यशिक्षण घेतलेला होता. त्याच्या वाणीतील आवाहनशक्ती त्या शिक्षणाशी निगडित आहे, परंतु त्याला कोणी सोंगाड्या म्हटले नाही. रिक रॉसने एका अमली पदार्थ तस्कराचे नाव धारण केले आणि स्वतः पूर्वी तुरुंगरक्षक होता हे २००८ साली उघड झाले. तरीही त्याची कारकीर्द थांबली नाही. आइस क्यूब आणि विल स्मिथ रॅपकडून पडद्याकडे गेले. उलट दिशेचा तो प्रवास कोणाला खटकला नाही. महाराष्ट्रातही तेच दिसते. पुण्याचा एमसी स्टॅन रॅपच्या बळावर ‘बिग बॉस’मध्ये गेला आणि २०२३ साली विजेता ठरला, तेव्हा त्याच्या अस्सलतेला बाधा आल्याचे फारसे कोणाला वाटले नाही. म्हणजे आडवे येते ते सोंग नव्हे. सोंगाचा क्रम आडवा येतो. आधी नट असलेला माणूस नंतर खरे बोलूच शकत नाही, असा हा समज आहे. तो अभिनयाच्या एका विशिष्ट कल्पनेवर उभा आहे. लेखकाने लिहावे, दिग्दर्शकाने बसवावे आणि नटाने बोलावे, ही ती कल्पना.

देवगड तालुक्यातील मिठबाव, कुणकेश्वरपासून खाली आचरा-मालवणपर्यंतच्या पट्ट्यात ही कल्पना कालपरवाची ठरते. जत्रेच्या रात्री पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर देवळापुढे दशावतार उभा राहतो. पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत तो चालतो, म्हणूनच त्याला धयकालो म्हणतात. नेपथ्य म्हणजे बहुधा एक बाकडे. तेच सिंहासन, तेच पर्वताचे शिखर. साथीला पेटी, मृदंग आणि झांज. आणि लिखित संहिता नाही. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी काय व्हायचे, हे ठरले की बाकीचे सारे नटाच्या जिभेवर. आरंभीचा संकासुर गावातल्या ताज्या घडामोडींवर मालवणीत कोट्या करतो; पुढे पौराणिक राजे एकमेकांना जाब विचारतात, आणि त्या वादात कोणाचे उत्तर वरचढ ठरले याचा निकाल समोर बसलेला प्रेक्षक तिथल्या तिथे देतो. रॅपमधील फ्रीस्टाइल आणि शाब्दिक द्वंद्व यांहून हे तत्त्वतः वेगळे नाही. रात्रीचा राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, अशी या नटाची अवस्था सर्वपरिचित आहे. राजाचे बोलणे खोटे, कारण हा शेतावर राबतो, असे मात्र प्रेक्षकांत कोणी म्हणत नाही. उलट दुसऱ्याची वाक्ये पाठ करून आलेला, ऐन वेळी उत्तर न सुचणारा नट येथे तत्काळ उघडा पडतो. भूमिका परकी चालते. शब्द परका चालत नाही. (दशावतारी नाट्यपदांच्या चाली पुष्कळदा संगीत नाटकांतून घेतात, त्याबद्दलही कोणाची तक्रार नसते.)

हा निकष ड्रेकला लावला की त्याच्यावरील आरोपांची क्रमवारी बदलते. चाकांच्या खुर्चीतील जिमी आणि फॉरेस्ट हिल गौण ठरतात; जुलै २०१५ मधील आरोप मुख्य होतो. मीक मिल या रॅपगायकाने त्या वेळी जाहीरपणे सांगितले की ड्रेक आपले रॅप स्वतः लिहीत नाही, आणि क्वेंटिन मिलर या सहलेखकाचे नाव घेतले. त्या वर्षीच्या अल्बममधील काही गीतांच्या श्रेयनामावलीत मिलरचे नाव होते; म्हणजे गोष्ट लपविलेली नव्हती. परंतु मिलरच्या आवाजातील कच्ची ध्वनिमुद्रणे नभोवाणीवर ऐकविली गेली तेव्हा श्रोत्यांना धक्का बसला तो शब्दांइतकाच लयीचा आणि चढउतारांचाही. ड्रेकने ‘बॅक टू बॅक’ हे प्रत्युत्तर काही दिवसांत आणले आणि लोकमत जिंकले. संगीत ही सहकार्यातून घडणारी गोष्ट आहे, हे त्याचे म्हणणे गीतगायनाच्या बाबतीत रास्त आहे. परंतु जेथे वक्ता स्वतःला शब्दाचा धनी म्हणवितो आणि प्रतिस्पर्ध्यांना त्याच मुद्द्यावर हिणवितो, तेथे ते पळवाटेसारखे वाटते. जत्रेतला प्रेक्षक हे प्रत्युत्तर मान्य करील. मूळ प्रश्न मात्र सोडणार नाही.

दुसरीकडे, नट असल्याचा लाभ त्याच्या उत्तम रचनांत स्पष्ट दिसतो. ‘सो फार गॉन’ आणि ‘टेक केअर’मध्ये बोलणे कोठे गाणे होते आणि गाणे कोठे पुटपुटणे होते, हे कळू नये इतके हे संक्रमण सहज आहे. कॅमेरा जवळ असताना आवाज किती खाली आणावा, हे मालिकेतील नटाला शिकावेच लागते. ध्वनिक्षेपकापुढचा त्याचा संकोच, अर्धवट सोडलेली वाक्ये, दूरध्वनीवरील एकतर्फी बोलणे यांत ते शिक्षण कामी आले आहे. मोठ्याने आव्हान देणाऱ्या परंपरेत त्याने आणलेला हा खाजगी स्वर ही खरी भर होय. पुढे ‘व्ह्यूज’ (२०१६) आणि ‘मोअर लाइफ’ (२०१७) मध्ये जमैकन आणि लंडनी उच्चार त्याच्या तोंडी येऊ लागले, तेथे मात्र नटाचे कसब बहुरूप्याच्या पातळीवर उतरते. एप्रिल २०२४ मध्ये केंड्रिक लामारशी झालेल्या वादात त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेला टुपॅकचा आवाज वापरला आणि टुपॅकच्या वारसांनी कायदेशीर इशारा दिल्यावर ते गीत मागे घेतले. मृताचे सोंग दशावतारीही आणतो, पण स्वतःच्या घशातून. लामारच्या ‘नॉट लाइक अस’ला २०२५ साली पाच ग्रॅमी मिळाले, यात त्याच्या शब्दांवरील मालकीविषयी कोणालाही शंका नव्हती, हा भाग लहान नाही.

सर्वांत बोलका प्रसंग २०१८चा आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुशा टीने ड्रेकवरील निंदागीतासोबत त्याचे चेहऱ्याला काळे फासलेले एक जुने छायाचित्र प्रसिद्ध केले. ते २००७ मधील असून, तरुण कृष्णवर्णीय नटांना मिळणाऱ्या ठरावीक साच्याच्या भूमिकांवर भाष्य करणाऱ्या एका प्रकल्पासाठी आपण नट या नात्याने ते काढून घेतले होते, असे ड्रेकने स्पष्ट केले. रॅपगायकाला गीतात सांगता आली असती, अशी ही गोष्ट होती: नटाला कोणते सोंग दिले जाते आणि कोणते नाकारले जाते. तिच्यासाठी निवेदन पुरले. जून महिन्यात ‘आय एम अपसेट’ची चित्रफीत आली, तीत ‘डिग्रासी’चे जुने सहकलाकार शाळेत पुन्हा जमतात, हसतात, नाचतात. शाळा आणि सवंगडी चित्रात आहेत. गाण्याच्या शब्दांत त्या वर्षांचा मागमूस नाही.